प्रत्यारोपित हृदयाच्या धमन्या जाड का होतात? ग्रोथ फॅक्टर रोखून ते थांबवता येतं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. तुमच्या वडिलांचं हृदय प्रत्यारोपण होऊन चार वर्षं झाली. तब्येत ठीक, छातीत कधी दुखलं नाही, कोलेस्टेरॉल ताब्यात, तंबाखू-सिगरेट नाही. तरी वार्षिक तपासणीच्या अँजिओग्राफीत ‘सीएव्ही १’ असा शेरा आला. ‘ग्रोथ फॅक्टरमुळे धमन्यांचं अस्तर जाड होतंय, मायकोफेनोलेटच्या जागी एव्हरोलिमस सुरू करू या,’ असं डॉक्टर म्हणाले. (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं.) तुम्हाला पडलेले प्रश्न असे: सगळं नीट असताना ब्लॉकेज आलंच कसं? ग्रोथ फॅक्टर जर दोषी, तर ते सरळ बंद करणारं औषध का देत नाहीत? आणि नात्यातल्या कुणीतरी सुचवलेली ‘ग्रोथ फॅक्टर थेरपी’ घेतली तर नव्या रक्तवाहिन्या फुटतील का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो: ती घेऊ नका. का ते पुढे येईलच.

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि गेली वीसेक वर्षं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा हेच माझं मुख्य काम आहे. वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत. दात्याचं वय काय होतं, पहिल्या वर्षात रिजेक्शनचे, म्हणजे शरीराने नवं हृदय नाकारण्याचे, किती झटके आले, रक्तात दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का, मूत्रपिंडं कशी आहेत, यावर बरंच काही ठरतं. म्हणून औषध बदला किंवा बदलू नका, असं मी इथून सांगणार नाही. डॉक्टर असं का म्हणत असतील, एवढं मात्र नक्की सांगता येईल.

पहिली गोष्ट, ‘ब्लॉकेज’ हा शब्द इथे दिशाभूल करतो. नेहमीच्या हृदयविकारात धमनीच्या एका बाजूला, एखाद-दुसऱ्या जागी, चरबीचा थर साचतो. त्याला वीस-तीस वर्षं लागतात. तुमच्या वडिलांच्या अहवालातलं सीएव्ही, म्हणजे कार्डियाक अ‍ॅलोग्राफ्ट व्हॅस्क्युलोपथी, वेगळ्या चालीचं दुखणं आहे. त्यात धमनी आतून चहूबाजूंनी जाड होत जाते, बुंध्यापासून पार बारीक फांद्यांपर्यंत. वेगही वेगळा, वर्षा-दोन वर्षांत फरक दिसतो. दात्याच्या धमनीत आधीपासून असलेली थोडी चरबीही हृदयाबरोबर आलेली असू शकते. पण मूळ आजार तो नव्हे.

याची पहिली चाहूल प्रत्यारोपणाच्या अगदी सुरुवातीच्या काळातच लागली होती. डिसेंबर १९६७ मध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केपटाउनला पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. ते रुग्ण, लुई वॉशकान्स्की, १८ दिवस जगले. जानेवारी १९६८ मधले त्यांचे दुसरे रुग्ण फिलिप ब्लायबर्ग मात्र दीड वर्षाहून जास्त जगले. ऑगस्ट १९६९ मध्ये ते गेले, तेव्हा शवविच्छेदनात नव्या हृदयाच्या कोरोनरी धमन्या भयंकर अरुंद झालेल्या सापडल्या. दाता २४ वर्षांचा तरुण होता. चोवीस वर्षांच्या माणसाच्या धमन्या दीड वर्षात अशा कशा होतात, या एका प्रश्नावर आमच्या विषयातल्या लोकांची हयात गेली आहे.

अँजिओग्राफीत हे सुरुवातीला पकडणं अवघड जातं. त्या तपासणीत दिसते ती धमनीतली मोकळी जागा, भिंत नव्हे. एकच जागा अरुंद असेल तर शेजारच्या चांगल्या जागेशी तुलना करता येते. सगळीच नळी सारखी बारीक झाली असेल तर तुलना कशाशी करणार? काही वर्षांपूर्वी तिशीतल्या एका रुग्णाची अँजिओग्राफी करत होतो. पडद्यावर चित्र देखणं, सगळ्या फांद्या सरळ. शेजारी उभा असलेला शिकाऊ डॉक्टर म्हणाला, ‘सर, नॉर्मल.’ नियम म्हणून मी आयव्हस घातलं. हा तारेवरून सरकणारा, साधारण एक मिलिमीटर जाडीचा सोनोग्राफीचा प्रोब असतो. तो यंत्राने हळूहळू मागे ओढत आणला की धमनीचे आडवे छेद एकामागून एक दिसतात: मध्ये रक्ताचं काळं वर्तुळ, भोवती करडी कडी. निरोगी तरुण धमनीत आतलं कडं जेमतेम दिसतं. इथे ते ठसठशीत होतं, सगळीकडून ०.८ मिलिमीटर. शिकाऊ डॉक्टर काही बोलला नाही, मीही नाही. पहिल्या वर्षात हे आतलं कडं ०.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढलं तर पुढच्या काही वर्षांत त्रास होण्याची शक्यता बरीच वाढते, हे एकाहून अधिक अभ्यासांत दिसलं आहे. वडिलांचं आयव्हस किंवा ओसीटी (धमनीच्या आतून प्रकाशाने भिंत बघण्याची तपासणी) कधी झालं आहे का, ते विचारा.

आता ग्रोथ फॅक्टरकडे वळू. नाव ऐकून काहीतरी पौष्टिक वाटतं. शरीराच्या दृष्टीने ही निरोपाची चिठ्ठी आहे. एक पेशी ती सोडते, दुसरीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरवर ती बसते आणि त्या पेशीला आदेश मिळतो: वाढ, सरक, दुभंग, नाहीतर चिकट धागे विणायला लाग. बोट कापल्यावर जखम भरते ती याच चिठ्ठ्यांमुळे.

धमनीच्या भिंतीत सर्वांत आत एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. त्याच्या बाहेर, मधल्या थरात, गुळगुळीत स्नायूपेशी असतात. एरवी त्यांचं काम आकुंचन-प्रसरणाचं. नवीन पेशी तयार करण्याच्या भानगडीत त्या फारशा पडत नाहीत. अस्तराला इजा झाली की तिथे प्लेटलेट्स चिकटतात आणि आपल्या पोटातला माल बाहेर टाकतात. १९७४ मध्ये रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण फार मोलाचा प्रयोग केला. रक्त गोठल्यावर उरलेलं सीरम घातलं की काचेच्या बशीतल्या स्नायूपेशी भराभर वाढत. प्लेटलेट्स आधीच काढून टाकलेल्या रक्तापासून केलेलं सीरम घातलं तर त्या जेमतेम तग धरत. त्यातच प्लेटलेट्सचा अर्क मिसळला की पुन्हा वाढ सुरू. म्हणजे वाढीचा आदेश प्लेटलेट्समधून येत होता. त्या पदार्थाला पुढे पीडीजीएफ हे नाव मिळालं, प्लेटलेटपासून निघणारा ग्रोथ फॅक्टर. आता माहीत आहे की तो फक्त प्लेटलेट्स सोडत नाहीत. दुखावलेलं अस्तर, भिंतीत शिरलेल्या पांढऱ्या पेशी आणि खुद्द स्नायूपेशीही सोडतात.

ही चिठ्ठी मिळाली की मधल्या थरातल्या स्नायूपेशी आकुंचनाचं काम सोडून आतल्या बाजूला सरकतात, संख्येने वाढतात आणि भोवती कोलॅजनसारखा माल ओततात. भिंतीला तडा गेला म्हणून गवंडी बोलवावा तसं. एकदा गिलावा करून गवंडी गेला तर काहीच बिघडत नाही. पण भिंतीवर रोज कुणी हातोडा मारत असेल तर गवंड्याला रोज बोलावणं जाईल, गिलाव्यावर गिलावा चढेल, आणि एक दिवस खोलीत उभं राहायला जागा उरणार नाही. प्रत्यारोपित हृदयाच्या धमनीत होतं ते हेच. डॉक्टर ‘ग्रोथ फॅक्टरमुळे’ म्हणाले ते खरं, पण गवंड्यापुरतं. हातोडा कुणाच्या हातात आहे, हे त्यांना घाईत सांगता आलं नसावं.

हातोडे बरेच असतात. पहिला घाव प्रत्यारोपणाच्या आधीच बसतो. दात्याचा मेंदू मृत होताना शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, त्यात हृदय पोळून निघतं. मग ते काढून थंड करून नेतात, म्हणजे काही तास रक्तपुरवठा बंद. नव्या शरीरात रक्त पुन्हा सुरू होतं तेव्हा त्या अचानक आलेल्या ऑक्सिजननेही अस्तराला इजा होते. हे झाले एकदाच बसणारे घाव. रोजचा हातोडा असतो तो रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा. धमनीचं अस्तर दात्याचं, म्हणजे परकं. टी पेशी, म्हणजे परक्याला हेरणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याला ओळखतात, इंटरफेरॉन-गॅमासारखी द्रव्यं सोडतात. काहींच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि त्या थेट अस्तरावर जाऊन बसतात. औषधांनी हे दाबलं जातं, पण पुरतं विझत नाही. त्यात सायटोमेगॅलो व्हायरसचा संसर्ग झाला तर अस्तर आणखी दुखावतं. वाढलेलं कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब आणि धूम्रपान हे जुने ओळखीचे सोबती आहेतच.

प्रतिकारशक्तीचा हात किती मोठा, हे बघायचं असेल तर टाक्याची रेष बघावी. दात्याची महाधमनी जिथे रुग्णाच्या महाधमनीला शिवलेली असते, त्या शिवणीच्या अलीकडे, दात्याच्या हृदयाच्या वाहिन्यांत हा आजार असतो. शिवणीपलीकडे रुग्णाच्या स्वतःच्या धमन्यांत नसतो. रक्त तेच, कोलेस्टेरॉल तेच, रक्तदाब तोच. तरी आजार शिवणीपाशी थांबतो. वडिलांचं कोलेस्टेरॉल ताब्यात असूनही हे का झालं, याचं एवढं स्पष्ट उत्तर मला दुसरं माहीत नाही.

मग गवंड्यालाच घरी बसवलं तर? हा विचार संशोधकांनी फार आधी केला. इमॅटिनिब हे रक्ताच्या एका कर्करोगावरचं औषध पीडीजीएफचा रिसेप्टरही अडवतं. उंदीर-घुशींवरच्या प्रत्यारोपणाच्या प्रयोगांत त्याने धमन्यांची जाडी कमी झाली. माणसांत मात्र सीएव्हीसाठी ते रूढ औषध झालं नाही. अडचण अशी की चिठ्ठ्या लिहिणारे अनेक आहेत. पीडीजीएफ अडवलं तरी एफजीएफ आहे, आयजीएफ-१ आहे. शिवाय काही चिठ्ठ्यांचे अर्थ दुहेरी असतात. टीजीएफ-बीटा टी पेशींना शांत करतो, म्हणजे आपल्याला हवंच ते करतो. पण तोच धागेदार व्रणही विणतो. व्हीईजीएफचं काम अस्तराला तगवणं आणि नव्या केशवाहिन्या फुटवणं. ऐकायला छान. पण १९८३ मध्ये हा पदार्थ पहिल्यांदा हाती लागला तो ‘वाहिन्या झिरपवणारा घटक’ म्हणून. अस्तर झिरपू लागलं की भिंतीत पांढऱ्या पेशी शिरतात. प्राण्यांमधल्या प्रयोगांत प्रत्यारोपित हृदयात व्हीईजीएफ वाढवल्यावर धमन्यांचा आजार वाढलेला दिसला.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. नव्या वाहिन्या उगवाव्यात म्हणून व्हीईजीएफ आणि एफजीएफ देण्याचे प्रयोग नेहमीच्या हृदयविकाराच्या रुग्णांवर झाले. खोट्या औषधाशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. आणि ते रुग्ण स्वतःच्या हृदयाचे होते. परक्या अस्तराच्या हृदयात, जिथे गवंडी आधीच जास्त झालेत, तिथे आणखी गवंडी धाडायचे? कोणी जाहिरातीत ‘नैसर्गिक’ म्हणो, ‘स्टेम सेल’ म्हणो, तुमच्या प्रत्यारोपण केंद्राला विचारल्याशिवाय काहीही नको. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी आणि काढे यांनाही हेच लागू. एवढी महागडी औषधं घेऊन जी शक्ती आपण दाबतोय, तीच वाढवण्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात काय हशील?

आता एव्हरोलिमस. चिठ्ठ्या लिहिणारे अनेक असले तरी पेशीच्या आत गेल्यावर त्यांतले बरेच आदेश एकाच टेबलावरून पुढे सरकतात. त्या टेबलाचं नाव एमटॉर. ‘वाढा, दुभंगा’ या फायलीवर सही होते ती इथे. सही थांबवली की चिठ्ठी कुणाचीही असो, स्नायूपेशी फारशी वाढत नाही. टी पेशींची वाढही थांबते, म्हणजे हातोडाही हलका होतो. एका दगडात दोन पक्षी.

ही सही थांबवणारा पहिला पदार्थ ईस्टर बेटावरच्या मातीतून आला. १९६४ मध्ये एका कॅनडियन मोहिमेने तिथली माती गोळा केली होती. तिच्यातल्या जिवाणूपासून सुरेन सेहगल आणि सहकाऱ्यांनी माँट्रियलच्या प्रयोगशाळेत एक बुरशीनाशक वेगळं काढलं आणि बेटाच्या रापा नुई या नावावरून त्याला रापामायसिन म्हटलं. तेच सिरोलिमस. ते प्रतिकारशक्ती दाबतं हा त्या बुरशीनाशकाचा दोष समजला गेला होता, पुढे तोच त्याचा मुख्य गुण ठरला. एव्हरोलिमस हे त्याचंच भावंड. गंमत म्हणजे ब्लॉकेजसाठी घालतात त्या औषधी स्टेंटवरही बहुधा याच घराण्यातलं औषध लावलेलं असतं, आणि त्याच कारणासाठी: स्टेंटने धमनीला झालेल्या इजेवर स्नायूपेशींनी गिलावा चढवू नये म्हणून.

हृदय प्रत्यारोपणात एव्हरोलिमस आणि सिरोलिमस यांच्या मोठ्या चाचण्या २००३ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं जुनं औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत धमन्यांची जाडी कमी वाढली. पुढे मायकोफेनोलेटशी तुलना केली तेव्हाही आयव्हसवर एव्हरोलिमस सरस ठरलं. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचा विचार हवेतला नाही.

पण दोन गोष्टी मोकळेपणाने बोलायला हव्यात. एक, वेळ. हे औषध नवा गिलावा थांबवतं, जुना खरवडून काढत नाही. पहिल्या दोनेक वर्षांत बदल केलेल्यांत फायदा जास्त दिसतो. जुन्या, कडक झालेल्या थरात कमी. वडिलांची चार वर्षं झाली आहेत. मागच्या वर्षीपर्यंत सगळं स्वच्छ होतं आणि आता जाडी दिसली, तर ती नवी वाढ आहे आणि बदलाला अर्थ आहे. पहिल्याच अँजिओग्राफीपासून हे असंच असेल तर कदाचित ते दात्याकडून आलेलं आहे, आणि मग घाई नाही. म्हणून जुन्या सीडी शोधा. प्रत्यारोपणानंतर पहिल्या महिना-दोन महिन्यांत झालेली अँजिओग्राफी असेल तर सोन्याहून पिवळं.

दुसरी गोष्ट, किंमत, आणि ती पैशांची नव्हे. जे औषध गवंड्याला थांबवतं ते खऱ्या जखमेवरचा गवंडीही थांबवतं. माझ्या एका रुग्णाने एव्हरोलिमस सुरू असताना हर्नियाचं ऑपरेशन दुसरीकडे उरकून घेतलं, आम्हाला न कळवता. टाके काढल्यावर जखम उसवली, मग दीड महिना ड्रेसिंग. ‘डॉक्टर, एवढंसं ऑपरेशन, तुम्हाला काय सांगायचं!’ असं ते म्हणाले होते. वडिलांचं कुठलंही ऑपरेशन ठरलं, दात काढायचा असला तरी, आधी कळवा. योग्य वेळी औषध बदलून ठेवता येतं. याशिवाय तोंडात फोड, पायांना सूज, लघवीतून प्रथिनं जाणं, क्वचित फुप्फुसांना सूज येऊन कोरडा खोकला आणि धाप, हे त्रास होऊ शकतात. आणि धमन्या वाचवायला दिलेलं हे औषध कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स वाढवतं! म्हणून सुरू करण्याआधी लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन आणि लिपिड तपासलेले हवेत. सोबत टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर त्याची मात्रा सहसा कमी करावी लागते, नाहीतर मूत्रपिंडांवर ताण येतो. रक्तातली पातळी मोजत राहावी लागते. क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरच्या काही गोळ्या आणि रक्तदाबावरचं डिल्टियाझेम ती पातळी वाढवतात, रिफॅम्पिसिन ती पाडतं. सर्दी-खोकल्यासाठी शेजारच्या दवाखान्यातून आणलेली साधी गोळी इथे साधी राहत नाही.

माझा अनुभव असा की निदान झालं की घरच्यांचं सगळं लक्ष नव्या औषधाकडे जातं आणि जुनी, कंटाळवाणी औषधं दुर्लक्षित होतात. कोलेस्टेरॉल चांगलं आहे म्हणून स्टॅटिन बंद केलं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद झालं की घरीच ठरवलं? घरीच असेल तर याच आठवड्यात त्यांना फोन करा. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९७ रुग्णांच्या चाचणीत प्रत्यारोपणानंतर लगेच प्रॅव्हास्टॅटिन दिलेल्यांपैकी ९४ टक्के एका वर्षाने हयात होते, न दिलेल्यांपैकी ७८ टक्के. गंभीर रिजेक्शन कमी, धमन्यांची जाडीही कमी. एवढा फरक निव्वळ कोलेस्टेरॉल उतरल्याने पडलेला नाही. स्टॅटिन प्रतिकारशक्तीचा जोरही थोडा उतरवतं, अस्तरालाही सांभाळतं. त्यामुळे हृदय प्रत्यारोपणात कोलेस्टेरॉलचा आकडा कितीही असो, स्टॅटिन देण्याचीच पद्धत आहे. सायक्लोस्पोरिनबरोबर काही स्टॅटिन स्नायूंना इजा करतात, म्हणून कुठलं आणि किती हे डॉक्टर ठरवतील. अ‍ॅस्पिरिन बहुतेक जण देतात. प्लेटलेट्सची गोष्ट वर वाचलीत, तर्क त्यातूनच येतो, पण त्यामागचा पुरावा स्टॅटिनइतका भक्कम नाही.

आणि वेळेवर गोळ्या. एक विशीतला मुलगा आठवतो. हुशार, नोकरीला लागलेला. संध्याकाळचा डोस महिन्यातून पाच-सहा वेळा राहायचा. ‘काही होत नाही हो, मला बरं वाटतंय,’ म्हणायचा, आणि खरंच त्याला बरं वाटत होतं. दीड वर्षाने रक्तात दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर निघाल्या आणि मग धमन्यांनी आपला हिशेब दाखवला. चुकलेल्या प्रत्येक डोसाला हातोडा थोडा मोकळा होतो, आणि त्या वेळी कळत काहीच नाही.

कळत का नाही? प्रत्यारोपणात हृदयाच्या संदेश नेणाऱ्या नसा (मज्जातंतू) कापल्या जातात. काहींच्या काही वर्षांनी थोड्याफार परत जुळतात, पण भरवसा धरू नये. त्यामुळे छातीत दुखण्याचा नेहमीचा इशारा मिळतोच असं नाही. ‘छातीत कधी दुखलं नाही’ असं तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंय, मला त्यातून फारसं काही कळत नाही. आधी न लागणारी धाप, विनाकारण थकवा, पावलांवर सूज, धडधड, चक्कर किंवा बेशुद्धी, यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी केंद्राला कळवा. म्हणूनच काही त्रास नसतानाही वर्षा-दोन वर्षांनी अँजिओग्राफी किंवा तिच्या बदल्यात दुसरी तपासणी करतात. वडिलांचा आजार अशाच तपासणीत सापडला.

आता ‘सीएव्ही १’ या शेऱ्याचं वजन. ०, १, २, ३ असे चार टप्पे आहेत. १ म्हणजे सौम्य: मुख्य डावी धमनी ५० टक्क्यांहून कमी अरुंद, बाकी कुठलीही ७० टक्क्यांहून कमी, आणि हृदयाचं पंपिंग चांगलं. पंपिंग बिघडलं की धमनी किती अरुंद आहे याची वाट न बघता आजार ३ मध्ये मोजतात, म्हणून अहवालात इकोचा आकडा आवर्जून बघा. जागतिक नोंदींनुसार अँजिओग्राफीवर दिसणारा हा आजार पाच वर्षांत साधारण तीस टक्के आणि दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या रुग्णांत सापडतो. म्हणजे वडील काही अपवाद नाहीत, आणि १ वर असलेले माझे कित्येक रुग्ण वर्षानुवर्षं १ वरच आहेत.

स्टेंटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. एखादी जागा फारच अरुंद असेल तर स्टेंट घालतो. पण सगळी नळी सारखी जाड झाली असेल आणि टोकाच्या फांद्या मिटत असतील तर स्टेंट घालायचा कुठे? बायपासचीही तीच अडचण, जोडायला चांगली धमनी खाली उरत नाही. घातलेले स्टेंटही या हृदयात नेहमीपेक्षा जास्त वेळा पुन्हा भरतात. फार पुढे गेलेल्या आजारात खरा उपाय एकच, पुन्हा प्रत्यारोपण, आणि तो थोड्यांनाच मिळतो. १ वर असताना एवढी धडपड करायची ती यासाठी.

पुढच्या भेटीला डॉक्टरांना विचारा: ही जाडी पहिल्या अँजिओग्राफीत होती की नवी आहे? दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी शेवटच्या कधी तपासल्या? सायटोमेगॅलोची तपासणी झाली का? लघवीत प्रथिनं आहेत का? स्टॅटिन कधी आणि कुणी बंद केलं? ही उत्तरं मिळाली की एव्हरोलिमसचा निर्णय तुम्हाला तिथेच, त्यांच्यासमोर, निम्मा उलगडलेला दिसेल.

आणि हो, तुम्ही शेवटी विचारलंय की ते रोज चालायला जातात ते बंद करायचं का. पंपिंग चांगलं असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर मुळीच नाही. फक्त नसा नसल्यामुळे त्यांच्या हृदयाचे ठोके चालायला लागल्या लागल्या वाढत नाहीत. रक्तातून अ‍ॅड्रेनॅलिन पोचेपर्यंत काही मिनिटं जातात, आणि थांबल्यावरही ठोके सावकाश उतरतात. तेव्हा पहिली दहा मिनिटं रमतगमत, मग वेग, आणि शेवटी पुन्हा दहा मिनिटं हळू. एकदम बसू देऊ नका.